खांबाने व्याह्याकडे बाकी मागितल्याबद्दल

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
अल्पमुक्काम अतिथिगृह सुविधा कक्ष,
सातारा.

अर्जदार : नाथाजी कोंडिबा शेलार, वय चौऱ्याहत्तर, 'थांबा घटकाभर' अतिथी निवास (खोल्या चार), शेलारवस्ती, ता. महाबळेश्वर.

विषय : चार खोल्यांत तीनशेच्या वर पाहुणे कोंबल्याचा खुलासा, आणि आपल्या खांबाच्या वतीने आपण स्वतः कडेगावी येऊन सुभेदार व्याह्यांपुढे वाकण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे 'रोकडमुक्त मुक्काम' योजनेचे परिपत्रक.
२) अर्जदारास बजावलेली आपली नोटीस.

महोदय,

१. आपली नोटीस पोचली. अर्जदाराने ती एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून वाचली. दोन्ही वेळा मजकूर तोच निघाला. अर्जदाराने एका आठवड्यात तीनशेच्या वर पाहुणे उतरवले, त्यातले बहुतेक खोली क्रमांक दोनमध्ये ठेवले, आणि त्यांपैकी 'ढवळ्या, वय सात' या इसमाचे ओळखपत्र घेतले नाही, असा आपला आरोप आहे. नम्रपणे कळवण्यात येते की खोली क्रमांक दोनमध्ये एक पलंग, एक आरसा आणि आरशामागे एक पाल एवढीच सोय आहे. तीनशे माणसे तिथे मावली असती तर अर्जदाराने मुक्कामाचा धंदा सोडून सभा भरवण्याचा धरला असता. आपल्या कक्षातल्या कुणीही ही खोली न बघता नोटीस काढली, हे उघड आहे. बघायला आले असते तर वाटेत स्ट्रॉबेरी तरी खाऊन गेले असते.

खुलासा पुढे येतोच आहे. परंतु अर्जदाराला आपल्या नोटिशीची चिंता नाही. चिंता नातीच्या लग्नाची आहे. ते लग्न आपल्या खांबाने अडवले आहे आणि ते आपल्यालाच सोडवावे लागणार आहे.

२. 'खांब' म्हणजे काय, ते सांगणे भाग आहे, कारण आपल्या परिपत्रकात त्याला 'स्वयंसेवा देयक किऑस्क' असे भारदस्त नाव आहे. माणसाएवढा उंच, अंगाने सपाट, छातीवर काच. अर्जदाराच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून खांब म्हणतात. त्याच्यासोबत आपण एक हातात धरायचे स्वाइप मशीन दिलेत. पाहुणा अंथरुणात लोळत असला तरी त्याच्या उशाशी नेऊन पैसे मागता यावेत, हा त्यामागचा थोर हेतू. ही दोन्ही यंत्रे ठेवली नाहीत तर नोंदणी रद्द, असा आपला हुकूम होता. म्हणून ठेवली.

ती बसवायला आपले सुविधा समन्वयक श्री. राजवर्धन आले होते. अंगात जाकीट, कानात काहीतरी खुपसलेले. त्यांनी दारांच्या जुन्या कड्या काढून टाकल्या, खिळ्यावरच्या किल्ल्या एका पिशवीत भरल्या, आणि दाराला दिवा लुकलुकणारी कुलपे लावली. खांब पैसे घेतो, मग एक पत्रिका देतो, ती पत्रिका दाराला दाखवली की दार उघडते. मुदत संपली की पत्रिका मरते. इथवर अर्जदाराला सगळे समजले.

मग अर्जदाराने एकच प्रश्न विचारला. "साहेब, सोयरा मुक्कामाला आला तर कुठलं बटण दाबायचं?"

श्री. राजवर्धन हसले. म्हणाले, "आजोबा, सिस्टीममध्ये सोयरा नसतो. गेस्ट असतो."

महोदय, हे वाक्य आपल्या कक्षाच्या दारावर पाटी करून लावावे. कारण आमच्याकडे सोयऱ्याच्या मुक्कामाचा व्यवहार असा असतो : निघताना सोयऱ्याने खिशात हात घालायचा, यजमानाने धावत जाऊन तो हात मनगटाला धरायचा, थोडी ओढाताण करायची, सोयऱ्याने "अवं असं कसं?" म्हणायचे, यजमानाने "लाजवू नगा" म्हणायचे, आणि दोघांनी हसत गाडीपर्यंत जायचे. कुणी किती जोरात मनगट धरले यावरून पुढची वीस वर्षे नात्याची किंमत ठरते. आपल्या खांबाला पैसे घ्यायला फट आहे, पावती टाकायला तोंड आहे, मनगट धरायला हात मात्र दिलेला नाही. हा यंत्राचा दोष नाही. ज्याने ते बनवले त्याच्याकडे कधी कुणी मुक्कामाला गेलेले नसावे.

३. आता घटना. अर्जदाराची नात संयोगिता शाळेत विज्ञान शिकवते. तिचे लग्न कडेगावच्या सुभेदार वीरधवल यादव (सेवानिवृत्त) यांचा मुलगा जयराज याच्याशी ठरले. मुलगा फौजेत आहे, दोघांची पसंती आहे, देण्याघेण्याची भानगड नाही. राहिली होती फक्त सुपारी. ती फोडायला सुभेदार आपल्या बहिणीसह, म्हणजे मुलाची आत्या धोंडुबाई यांच्यासह, आणि गाडीभर पाहुण्यांसह अर्जदाराकडे आले. अर्जदाराचे राहते घर मागे आणि लहान. म्हणून मंडळींना पुढच्या खोल्यांत उतरवले.

उतरवायचे तर खांबाला विचारल्याशिवाय दार उघडेना. खांबाने काचेवर दोन चौकोन दाखवले : 'आता भरा' आणि 'नंतर भरा'. अर्जदाराने निर्धास्तपणे 'नंतर भरा' दाबले. आपण विचाराल, का? महोदय, सोयऱ्यांमध्ये पैशाच्या बाबतीत 'बघू नंतर' म्हटले की तो विषय जन्मभरासाठी मिटला, हे आमच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोराला कळते. ज्याने तो चौकोन केला त्यालाही कळत असणार, असे अर्जदार समजून चालला. शहाण्या माणसाने केलेली वस्तू शहाणी असेल, एवढीच अर्जदाराची चूक. ती त्याला मान्य आहे आणि पुन्हा होणार नाही.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आंघोळ करून बनियन आणि टॉवेलवर बाहेर आले. महाबळेश्वरच्या गारठ्यात कडेगावचा माणूस उन्हाला येऊन उभा राहणारच. मागे दार आपोआप बंद झाले. आत त्यांचा कोट, धोतर आणि खास सुपारीसाठी आणलेला कोशा फेटा. ऊन खाऊन सुभेदार दाराशी गेले, पत्रिका दाखवली. लाल दिवा. पुन्हा दाखवली. पुन्हा लाल. मंडळी अंगणात जमलेली, मुलीकडच्या बायका पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभ्या, आणि त्या क्षणी आपला खांब बोलला.

गोड आवाजात बोलला. जाहिरातीतली बाई साबणाचे गुण सांगते तशा आवाजात, आणि अंगणाच्या पलीकडच्या शेतात ऐकू जाईल इतक्या जोरात : "प्रिय वीरधवल यादव, आपले देणे बाकी आहे. कृपया रक्कम भरा आणि आपल्या खोलीचा आनंद घ्या."



महोदय, ज्या माणसाने उभी नोकरी बर्फात काढली, ज्याच्या नावावर कडेगावच्या बाजारात आजवर कुणी चार आण्याची उधारी लिहिली नाही, त्याला टॉवेलवर उभे करून, होणाऱ्या सुनेच्या देखत, आपल्या खांबाने 'प्रिय' म्हणून बाकीदार ठरवले. सुभेदार एवढेच म्हणाले, "नाथाजीराव, ह्यो कोण बोलतोय?"

अर्जदार म्हणाला, "आवं, कुणी न्हाई. खांब हाय त्यो."

"खांबाला माझं नाव कुणी सांगितलं?"

याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

५. आग विझवावी म्हणून अर्जदाराने धावत जाऊन स्वतःचे कार्ड खांबाच्या फटीत घातले. दार उघडले. फेटा बाहेर आला. सगळे निभावले असते. पण आपला खांब कृतज्ञ निघाला. तो पुन्हा बोलला : "वीरधवल यादव यांचे देणे नाथाजी शेलार यांनी भरले आहे. धन्यवाद."

सुभेदारांचा फेटा अर्धा बांधून झाला होता. तो त्यांनी तसाच सोडला. "माजं देणं तुमी भरलं? म्हंजी मी देऊ शकत न्हाई, असं हाय व्हय?" असे म्हणून त्यांनी मेजावरचे स्वाइप मशीन उचलले आणि आपला मोबाईल त्याच्यावर असा आपटला की ते तीनदा टुणटुणले. त्यावर अर्जदाराने आपले कार्ड दाबले. कारण व्याह्याचे पैसे घेऊन पोरीच्या आज्याने सुपारी फोडायची, ही कल्पना अर्जदाराची पत्नी मनुबाई यांना सहन होईना, त्या मागून ओरडत होत्या, "परत द्या, परत द्या, आधी परत द्या!" परत देण्याचा चौकोन आपण ठेवलेलाच नाही. त्यात फक्त घेता येते. वर भरलेले पैसे यंत्र 'आगाऊ मुक्काम' म्हणून जमा करते. दोन्ही व्याही मानाला पेटले, बाकीचे थोपवायला गेले, आणि दुपारपर्यंत खोली क्रमांक तीन सुभेदारांच्या नावावर इतक्या लांबच्या वर्षापर्यंत लागून गेली की त्या वर्षी अर्जदार नसेल, सुभेदार नसतील, आणि देवाची कृपा झाली तर आपला कक्षही नसेल.

शेवटी, स्वतःच्या माघारी अर्जदार आणखी पैसे भरेल या भीतीने सुभेदारांनी ते स्वाइप मशीन कोटाच्या आतल्या खिशात घातले, मंडळींना गाडीत बसवले आणि कडेगाव गाठले. सुपारी ताटात तशीच राहिली.

श्री. राजवर्धन यांना फोनवर हे सगळे सांगितले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "आजोबा, आवाज कमी करून देऊ का?"

६. इथे आपल्या नोटिशीचा खुलासा येतो. सुभेदारांच्या भगिनी धोंडुबाई यांची कडेगावच्या रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी आहे. आजही लाकडी चरक, आजही बैल; लोक रसापेक्षा बैल बघायला थांबतात. त्यांचे स्वतःचे पैसे घ्यायचे यंत्र बंद पडले होते. भावाच्या कोटात एक मशीन आहे हे त्यांना ठाऊक होते. "मशीन ते मशीन," असे म्हणून त्यांनी ते आणले आणि कामाला लावले. यंत्र प्रत्येक वेळी पैसे देणाऱ्याचे नाव विचारते आणि बोललेले लिहून घेते. धोंडुबाईंना गिऱ्हाईक खोळंबलेले चालत नाही. समोर जे दिसेल त्याचे नाव त्या बोलत गेल्या. चष्मेवाला, लाल शर्ट, माळ्याचा जावई, आणि घाईच्या वेळी बैल ढवळ्या. एकदा यंत्राने "न्याहारी हवी का?" असे विचारले, तेव्हा बाई गरजल्या, "त्याला पेंड लागती!" तीही नोंद झाली असावी.

अशा रीतीने जो जो कडेगावला रस प्यायला तो तो अर्जदाराच्या खोली क्रमांक दोनमध्ये मुक्कामाला गेला. पैसे मात्र थेट अर्जदाराच्या खात्यावर आले. हे फुटल्यावर कडेगावात जे बोलले गेले ते अर्जदार लाजत लिहितो : "यादवांना सून लय महाग पडली. हुंडा उलटा चाललाय, तोबी गिलासागिलासानं."

हे सुभेदारांच्या कानावर गेल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत, अशी खबर आहे. तिसऱ्या दिवशी जेवले, पण कुणाशी बोलले नाहीत.

७. आमच्याकडे रुसवा काढायची रीत सरळ आहे. ज्याच्याकडून आगळीक झाली त्याने टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन रुसलेल्याच्या दारात जायचे, "चुकलं" म्हणायचे, आणि वाकायचे. पुढचे सगळे चहावर मिटते. अर्जदार गेला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाठ धरलेली असताना, घाट उतरून, दोन गाड्या बदलून गेला. दारात वाकणार तोच सुभेदारांनी त्याला दंडाला धरून उभे केले.

"तुमी बाकी मागितली का, नाथाजीराव?"

"न्हाई."

"मग तुमी का वाकताय? ज्यानं मागितली त्यानं वाकावं. पोर माझी सून न्हाई तर कोण हाय? मांडवाचं बांबू बी तोडून ठिवल्यात. पर आधी त्या खांबाचं बोला."

हा हट्ट आपल्याला वेडेपणाचा वाटेल. अर्जदारालाही पहिल्यांदा वाटला. परत येताना घाटात मात्र पटत गेला. माणसाने अपमान केला तर माणूस माफी मागतो. आपण असा एक जण गावात आणून उभा केलात की जो अपमान करू शकतो, पण माफी मागू शकत नाही. असा तर आमच्या तालुक्यात आजवर एकही राहायला आला नव्हता, आणि आमच्या तालुक्याने नाना तऱ्हेची माणसे पाहिली आहेत.

तरी अर्जदाराने खांबालाही संधी दिली. स्ट्रॉबेरीच्या पिकअपमध्ये त्याला आडवा घातला, खाली गवत, वर गोधडी, आणि कडेगावला नेला. वाटेत लोकांनी मयत समजून हात जोडले. सुभेदारांच्या अंगणात चार मानकरी बसलेले, खांबाच्या गळ्यात टॉवेल, डोक्यावर टोपी. अर्जदाराला वाटले, वीज जोडली की तो निदान 'नमस्कार' तरी म्हणेल; ते त्याला येते. वीज जोडली. खांबाची काच उजळली. तो "नमस्कार" म्हणालाही. सुभेदारांचा चेहरा किंचित सैल झाला.

मग त्याने पुढचे वाक्य घेतले : "प्रिय वीरधवल यादव, आपला मुक्काम कसा वाटला? पाचपैकी तारे द्या."

धोंडुबाईंनी वायर उपटली, म्हणून खांब आज धड आहे. सुभेदारांच्या हातात तेव्हा कुऱ्हाड होती, मांडवाच्या बांबूंसाठी बाहेर काढलेली. धोंडुबाईंनी प्रसंगावधान दाखवले नसते तर आपल्या कक्षाला आज या अर्जाऐवजी भंगार मिळाले असते, आणि तेही काचेसकट.

८. मानकऱ्यांनी विचार केला. त्यांचे म्हणणे असे : खांब अजाण आहे. अजाण पोराने शेजाऱ्याच्या अंगणात घाण केली तर पोराला कुणी वाकायला लावत नाही, बापाला लावतात. मग या खांबाचा बाप कोण? अर्जदार नव्हे, त्याच्या तर गळ्यात बांधला. श्री. राजवर्धन नव्हेत, ते पोचवायला आले होते. खांबाच्या पाठीवर आपल्या कक्षाचा शिक्का आहे. परिपत्रकावर आपली सही आहे. म्हणून बाप आपण. हा निवाडा सुभेदारांनी मान्य केला. "साहेब आला आन वाकला, की त्याच दिवशी सुपारी," असे त्यांनी चारचौघांत सांगितले. ते शब्द फिरवणारे नाहीत.

९. ही बाब तातडीची का, तेही ऐकावे. जयराजची रजा मंजूर झाली आहे. रजा फौजेची आहे, ती आपल्या नोटिशीसारखी पुन्हा पुन्हा निघत नाही. हुकली तर पुढची कधी आणि तेव्हा तो कुठल्या बर्फात असेल, हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. आतापर्यंत संयोगिता काही बोलली नव्हती. परवा शाळेतून आली, खांबाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, माझं लग्न जयराजशी ठरलंय की ह्याच्याशी?" मग हसली. ती हसली खरी, पण त्या दिवसापासून तिने लग्नाच्या साड्या ट्रंकेतून बाहेर काढलेल्या नाहीत. अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ गोष्टी रंगवून सांगितल्या आहेत, आणि वरील अर्जातही एखाददुसरा रंग चढला असेल. हे शेवटचे मात्र बिनरंगाचे आहे.

१०. आपल्याकडून अशी उत्तरे येऊ शकतात हे अर्जदार जाणून आहे : वाकण्याची तरतूद नियमात नाही, वाकण्याचे अधिकार वरिष्ठांकडे आहेत, वाकण्यासाठी प्रस्ताव सादर करावा. अशी उत्तरे पाठवू नयेत. बाकी मागायला आपल्याला तरतूद लागली नाही. टॉवेलवरच्या माणसाला 'प्रिय' म्हणायला प्रस्ताव लागला नाही.

तरी विनंती अशी की येत्या शनिवारी सकाळी आपण कडेगावी यावे. गाडी वेशीशी उभी करून सुभेदारांच्या घरापर्यंत चालत यावे. सगळे गाव बघत असेल, त्याला इलाज नाही. भाषण करू नये. योजनेची उद्दिष्टे सांगू नयेत. "चुकलं आमचं, सुभेदार" एवढेच म्हणावे आणि कमरेतून वाकावे, नुसती मान हलवून भागणार नाही. वाक्य पाठ होत नसल्यास अर्जदार मागे उभा राहून हळू आवाजात सांगेल. दुपारचे जेवण सुभेदारांकडे आहे. मटण आहे, आपण खात नसाल तर झुणका आहे. परत जायला उशीर झाला तर मुक्कामाचीही सोय त्यांच्याच घरी आहे. निघताना आपण बिलाचे विचारू नये. विचारलेत, तर पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागेल.

वाकलेला अधिकारी बघायला उत्सुक असलेला, परंतु नम्र,

(सही)
नाथाजी कोंडिबा शेलार

दि. १० मार्च २०२५
शेलारवस्ती

वरील मजकूर वाचून दाखवला. कुऱ्हाडीचे सोडून सर्व बरोबर. कुऱ्हाड हातात नव्हती, भिंतीला होती. हातात यायला वेळ लागला नसता.
(सही) सुभेदार वीरधवल यादव (से. नि.), कडेगाव

सोबत :
१) बैल ढवळ्या याचा फोटो, समोरून व बाजूने. ओळखपत्र समजावे.
२) टॉवेल एक, टोपी एक. नव्या आहेत, खांबाने वापरलेल्या नव्हेत.
३) नारळ एक, शेंडीसह. आपल्या आवक विभागाने फोडून खाऊ नये. शनिवारी तो आपण दोन्ही हातांत धरून आणावयाचा आहे.